चिंधी बांधलेला दोडका

खाला कधी बसली नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी बिडकीनहून सकाळच्या बसनं ती आमच्या कॉलनीत यायची, टोपली फाटकाशी टेकवायची आणि उभ्यानंच भाजी द्यायची. "खाला, बसा ना जरा," म्हटलं की म्हणायची, "बसलं की रान पण बसतं, बेटी."

भाजी तिच्या स्वतःच्या रानातली, शेणखतावरची, औषध न फवारलेली. पण ती सुखासुखी हाती पडत नसे. आधी झडती व्हायची. "मागल्या खेपेची भेंडी संपली का?" मी चाचरले की अर्ध्या किलोच्या जागी मूठभरच मिळायची. "फ्रीजमंदी सडवायला नाय पिकवत मी!" मला राग यायचा. पैसे देऊन वर बोलणी खायची! तरी पुढच्या खेपेला पिशवी घेऊन सगळ्यांच्या आधी मीच हजर.

मग तिच्या मुलांनी रान विकलं. त्यानंतरच्या मंगळवारी ती आली तेव्हा टोपली नव्हती, पदराच्या गाठीत थोडं दोडक्याचं बी होतं. "माझ्या सासूपासून चालत आलंय. आता माझ्याकडं रान नाय. गच्चीवर लाव. पहिला चांगला दोडका धरला की चिंधी बांध. तो खायचा नाय. वेलावरच वाळून वाजला की मंग तोड, बियाला."

मी हावरटासारखं सगळं बी एकदम लावलं. वेल चढला, दोडका धरला, चिंधीही बांधली. पण तो असा काही तजेलदार दिसायला लागला की मला राहवेना. खालाला दाखवावा म्हणून तोडला आणि बिडकीनची बस धरली.

खाला अंगणात येरझाऱ्या घालत होती. दोडका बघून तिनं आधी चिंधी सोडली. "कवळाच तोडला? घरी बी हाय का अजून?" "सगळं एकदमच लावलं," मी म्हटलं. तिनं पायात चपला सरकवल्या. "चल."

गच्चीवर तिनं पान न् पान उलटलं. कठड्यामागं करंगळीएवढा एक दोडका सापडला. चिंधी तिनं स्वतः बांधली. "लई जीव लावला म्हणून तोडू नको आता."

दोडका वाळायच्या आत खाला कायमची गेली. मी मात्र दिवसातून चार-चार वेळा गच्चीवर जायची. आज सकाळी हलवून पाहिला, तर आत बी वाजलं. खालाला सांगायला म्हणून धावत जिना उतरले, थेट फाटकाशी. मंगळवारच होता. तिथं कुणी नव्हतं. घरात जाऊन घटकाभर बसावं म्हटलं, पण मला बसवेना.