छोट्या पाकिटातलं बी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच — आणि आई तर त्या दिवशी माझ्या शेजारीच कपबशा विसळत होती. सांगायचं राहून गेलं, असं म्हटलं तर तेही खोटंच होईल. गोष्ट ओठावर आली की मी उठून चहा ठेवायला जाते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून आज बहुतेक जमेल.

आधी नाव सांगते. आठवीत मला वर्गात 'नॉन-बीटी' म्हणायचे.

कापसातले नसाल तर थोडं समजावून सांगावं लागेल. आमच्या देऊळघाटकडच्या भागात बीटीचं, म्हणजे बोंडअळी न लागणारं, बी तेव्हा नवंनवं आलं होतं. मोठ्या पाकिटाबरोबर एक छोटं पाकीट मिळायचं, साध्या सरकीचं. ते वावराच्या कडेनं लावायचं. बोंडअळीला खायचंच असेल तर तिनं ते खावं, असा हिशेब. माझ्या वर्गातल्या वैशालीनं हे तिच्या वडिलांकडून ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी वर्गात जाहीर करून टाकलं, "हे मंदी आपल्या वर्गाची नॉन-बीटी. इले कडीले बसवा. अळ्या इलेच खातीन."

वर्ग खो-खो हसला. खरं सांगू? क्षणभर मलाही ते फार हुशारीचं वाटलं. वैशाली हुशार होतीच. तिच्या घरात पाकिटावरचं बारीक अक्षर वाचता येणारी ती एकटी.

मग मी भिंतीकडच्या टोकाला बसू लागले. खडू कुणी फोडला? मंदीनं. गोंधळ कुणी केला? मंदीनं. गुरुजींचा पारा चढला की मागून कुणीतरी हळूच म्हणायचं, "अळी आली", आणि मला पुढे ढकलायचं. मधल्या सुट्टीत माझ्या डब्याजवळ कुणी बसत नसे. वर्षभर असं चाललं. घरी सांगितलं नाही, कारण आई वैशालीच्याच वावरात रोजानं जायची. सांगून काय झालं असतं — तिचं तिथलं काम गेलं असतं, एवढंच.

जूनमध्ये आम्ही नववीत गेलो, आणि वैशालीच्या वावरात सरकी टोबायला, म्हणजे एकेक बी मातीत खोचायला, आईबरोबर मीही गेले. पाकिटं वाचून, फोडून, कुणाला कोणतं बी द्यायचं हे काम वैशालीकडं होतं. वडिलांनीच ते तिला दिलं होतं, आणि ती ते फार ऐटीत करायची. तिनं छोट्या पाकिटातलं बी माझ्या ओंजळीत ओतलं आणि म्हणाली, "घे, तुह्याच बहिनी हायेत. बांधाजवळ लाव."

बायका हसल्या. मी अर्धं बी कडेला लावलं आणि अर्धं ओढणीला गाठ मारून घरी आणलं.

का आणलं? हा प्रश्न मी स्वतःला इतक्या वेळा विचारला आहे की आता त्याची मला लाज कमी आणि उत्सुकता जास्त वाटते. डोक्यात काही बेत होता का? मला नाही वाटत. पण दहा-बारा दिवसांनी नांगे भरायला पुन्हा बोलावणं आलं — म्हणजे जिथं उगवलं नाही तिथं पुन्हा बी टोबायला — तेव्हा ती गाठ माझ्याबरोबर होती. वैशालीनं या वेळी मोठ्या पाकिटातलं, खरं बी दिलं. मी ते नेऊन बांधाच्या कडेला पुरलं. आणि गाठीतलं बी वावराच्या अगदी मध्यावर लावलं, जिथं जिथं जागा रिकामी दिसली तिथं.

पुढचे तीन महिने मी शाळेत जाता-येता त्या वावरात डोकावत राहिले. राग केव्हाच निवला होता हो. मला बघायचं होतं, खरंच असं होतं का! अळीला कळतं का? शेजारी शेजारी दोन झाडं, एकाच मापाची, तरी ती नेमकी माझंच झाड ओळखेल का? पोळा झाला, बोंडं धरली आणि एके दिवशी एका बोंडात अर्धी शिरलेली हिरवी अळी दिसली. पलीकडचं झाड स्वच्छ. मी तिथंच उकिडवी बसून कितीतरी वेळ बघत राहिले. शाळेला उशीर झाला, त्याची शिक्षाही खाल्ली. तरी इतकं मजेचं मी तोवर काही पाहिलं नव्हतं. पुढे मी विज्ञानाची शिक्षिका झाले, त्याचं मूळ कुठं आहे ते आता तुम्हीच बघा.

इथवरचं सगळं मी एखाद्या वेळी हसत हसत सांगूनही टाकलं असतं. पोरकट सूड, चार-दोन तासांतली, म्हणजे ओळींतली, सरकी गेली, फार नुकसान नाही. पण नवरात्रात त्या वावरात शिवारफेरी ठरली. बियाणं विकणारे लोक जीप घेऊन आले, आसपासच्या गावांतले शेतकरी आले, मांडव पडला. वैशालीचे वडील — आम्ही त्यांना बापू म्हणायचो — इस्त्रीचा सदरा घालून सगळ्यांना पीक दाखवत फिरत होते. आई आणि मी चहाच्या कामाला होतो.

कुणीतरी मधल्या तासातलं एक बोंड फोडलं. तळहातावर अळी घेऊन तो ओरडला, "बापू, तुमच्या बीटीले बी अळी लागते का हो?" माणसं हसली. जीपमधून आलेल्या साहेबानं दहा-बारा झाडं पाहिली आणि म्हणाला, छोट्या पाकिटातलं बी मध्ये पडलंय, नांगे भरताना घोळ झालाय.

बापूंचे कान लाल झाले. त्यांनी सगळ्यांसमोर मला हाक मारली. "काय वं, नांगे भराले तू होती ना? कोनतं बी लावलं तुनं?"

मी म्हणाले, "तिनं देलं तेच लावलं."

चार शब्द. गोष्ट आहे ती एवढीच. बी बदलणं हा माझा गुन्हा मी मानतच नाही — म्हणजे मानते, पण तो वेगळा. हे चार शब्द मी शांतपणे, बशी पुसत पुसत म्हटले. माझा आवाजही कापला नाही. कापायला नको होता का?

"नाही बाबा," वैशाली म्हणाली, "मी वाचून देलं. मोठ्याच पाकिटातलं देलं." आणि तिनं माझ्याकडं पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. फळ्यावरचं गणित चुकलं की ती जसं बघायची, तसं ती माझ्याकडं बघत होती.

"दोन पाकिटांतला फरक समजत नाही, आन् म्हने नववी!" बापू म्हणाले. "कायले पाह्यजे शाळा?"

सोमवारी ती आली नाही. दिवाळीनंतरही नाही. वेचणीला दिसायची, मग नांदुऱ्याला मावशीकडं गेली, मग लग्नाची पत्रिका आली. मी करून सवरून नामानिराळी. तिचा बाक मला मिळाला. 'नॉन-बीटी' मात्र वर्गात राहिलीच, फक्त आता ती दुसरी एक मुलगी होती, आणि तिला तसं हाक मारणाऱ्यांत मीही होते.

गेल्या जूनमध्ये वैशाली माझ्या शाळेत आली. मेहकरजवळ दिलंय तिला. मुलीला आठवीत घालायचं होतं. तिनं मला लगेच ओळखलं, हात धरला. मग फॉर्म भरायला बसली. प्रत्येक ओळीखाली बोट धरून वाचत होती, एकदा, परत एकदा, परत एकदा. मागं रांग खोळंबली. शेवटी फॉर्म माझ्यापुढं सरकवून म्हणाली, "तू पाह्य वं मंदा. माह्या वाचन्याचा मलेच भरोसा नाही. त्या साली बाबाचं बी नाही का चुकवलं मी? तवा काय वाचलं, कोन जाने."

मी फॉर्म वाचला. त्यात एकही चूक नव्हती.

"होते वं असं कधी कधी," मी म्हणाले आणि शिक्का मारला.