डाव्या डोळ्याकडून उजव्या डोळ्याकडे

डॉक्टरांनी ‘डिप्रेशन’ हा शब्द उच्चारला तेव्हा मी त्यांच्या टेबलावरच्या गणपतीकडे बघत होते. वीतभर उंचीची मूर्ती, आमच्या पेणचीच, पण डोळे कोणी काढले होते देव जाणे. डावं बुबुळ नाकाकडे सरकलेलं, उजवं छताकडे लागलेलं. डॉक्टर मला आजार समजावून सांगत होते आणि मी मनात म्हणत होते, बाबा रे, तुझंच काही खरं नाही तर माझं काय घेऊन बसलास.

हसू नका, तो माझा धंदाच आहे. माझं माहेर पेणचं. वडिलांचा गणपतीचा कारखाना आता धाकटा भाऊ सुधीर चालवतो. सासर रोह्याला. लग्न झालं तरी मी गाडीने पेणला जाऊन आखणी करते. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे, पापण्या, भुवया. अंगाला रंग बरेच जण देतात, डोळे सगळ्यांना जमत नाहीत. गिऱ्हाईक सोंडबिंड नंतर बघतं, आधी नजर बघतं.

त्या वर्षी माझ्या हातून नजर उतरेना. हात धड, दृष्टी धड, पण मूर्तीसमोर बसलं की वाटायचं, कशाला? पहाटेच झोप उडायची, जेवणाला चव नाही, आंघोळ करणं म्हणजे डोंगर चढणं. घरात आधी माझी दृष्ट काढली. मग थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-ट्वेल्व्ह, सगळं तपासून झालं. रिपोर्ट चांगले आल्यावर सगळ्यांना आनंद झाला, मला सोडून. कारखान्यातला सगळा माल सुधीरने दुसऱ्या कारागिराकडून आखून घेतला. मी शेडच्या दारात बसून बघत राहिले आणि मला वाईटसुद्धा वाटलं नाही. तेव्हा आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी पेणच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं.

त्यांनी अँटिडिप्रेसंट सुरू केलं, म्हणजे उदासीनतेवरची गोळी. गोळीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तुमची वेगळी असेल, आणि माझं वाचून तुम्ही दुकानात जायला नको. गुण यायला काही आठवडे लागतात असं त्यांनी बजावलं होतं, आणि तसेच लागले. एक दिवस मला भूक लागली. मग सुधीरच्या बायकोने केलेल्या पोह्याच्या पापडात मीठ जास्त आहे हे कळलं. मग एक दिवस ब्रश हातात घेतला आणि डोळे निघाले.

या डॉक्टरांच्या दवाखान्याच्या शेजारीच दाताचा दवाखाना होता आणि बाहेरचा बाक दोघांचा एकच, ते बरं होतं. बाकावर ओळखीचं कोणी भेटलं की मी गालाला हात लावायची. पेण गावात माझ्या दातांची इतकी चौकशी झाली की शेवटी एका मावशीने लवंगतेलाची बाटली आणून दिली. आज याची लाज वाटते, पण तेव्हा ‘डोक्याची गोळी’ म्हणायची हिंमत नव्हती.

काही वर्षं अशी बरी गेली. एक कुरबुर मात्र होती. गोळीने माझं दुःख खाली बसवलं तसा रागही खाली बसवला. मी मुळात भांडखोर. सासूबाईंचं आणि माझं सुकटीच्या कालवणात कोकम किती घालायचं यावरून लग्नापासून वैर. गोळी सुरू झाल्यावर त्या म्हणतील तेवढं कोकम मी घालायला लागले. एक दिवस त्या ताट बाजूला सारून म्हणाल्या, “तू आताशी भांडत नायस गो. घरात मला करमत नाय.” हे मी डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. म्हणाले, खूप दिवस तुम्ही स्थिर आहात, आता टेपरिंगचा विचार करू. टेपरिंग म्हणजे गोळी एकदम न सोडता पायरीपायरीने कमी करत नेणं.

आजाराचं नाव ऐकून मी जितकी घाबरले नव्हते तितकी या शब्दाने घाबरले. तेव्हा गमवायला काही उरलंच नव्हतं. आता माझे डोळे मला परत मिळाले होते. ते पुन्हा गेले तर? घरी येऊन यांना सांगितलं. हे धाटावच्या एका कंपनीत ऑपरेटर आहेत, बोलणं मोजकं. म्हणाले, “प्लांट बंद करायचा म्हनून कोन मेन स्विच नाय वढत. दाब उतरवत उतरवत आनायचा.” आणि जेवायला बसले.

गणपती झाल्यावर पहिली पायरी उतरले. काही झालं नाही. डॉक्टरांनी बराच काळ तिथेच थांबवलं, मग दुसरी पायरी. थोडी चक्कर आली, चित्रविचित्र स्वप्नं पडली, पण आठ-दहा दिवसांत सगळं निवळलं. आणि मग माझ्यातली शहाणी जागी झाली.

आमच्या धंद्यात रंगाचा एक हात दिला की मूर्ती वाळायला सोडतात, मग दुसरा हात. मी म्हटलं, गोळीचंही तसंच करू. आज घ्यायची, उद्या वाळू द्यायची, परवा घ्यायची. डॉक्टरांना विचारलं नाही, यांनाही सांगितलं नाही. शिमग्याचे दिवस होते, परदेशी जाणारा माल आखायला आला होता, आणि तो संपायच्या आत गोळीही संपवून मोकळं व्हावं असा माझा बेत.

आठवडाभरात मला पहिला झटका आला. दुखत नाही ते. डोक्याच्या आत वीज चमकल्यासारखं होतं, क्षणभर सगळं हलतं, आणि थांबतं. डॉक्टर त्याला ब्रेन झॅप म्हणतात. मला तो यायचा कधी, तर नजर एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला फिरवली की. आता आखणीचं काम काय असतं? डावा डोळा काढायचा, मग त्याच्या जोडीला उजवा. प्रत्येक रेघेला डावीकडे बघ, उजवीकडे बघ, पुन्हा डावीकडे. प्रत्येक वेळी डोक्यात चर्रकन व्हायचं. दुपारपर्यंत मी एका मूर्तीच्या गालावर काळी रेघ ओढली आणि ब्रश खाली ठेवला.

सुधीरने ती रेघ पुसून टाकली, माझ्याकडे पाहिलं. “तायडे, डोळे र्‍हाऊंदे. आज उंदीर रंगव.”

तो चांगल्या मनाने म्हणाला, पण मला ते फार लागलं. मी निमूट उंदीर रंगवले. संध्याकाळी रोह्याच्या गाडीत बसले. कासू स्टेशन मागे पडलं आणि मला रडू फुटलं. समोरची बाई टोपलीतली काकडी मीठ लावून विकत होती, तिने एक फोड माझ्या हातात ठेवली आणि पैसे घेतले नाहीत. त्याने आणखीच रडू आलं. नागोठण्यापर्यंत माझं ठरलं होतं, आजार परत आला. आता डोळे गेले ते गेले.

घरी यांना सगळं सांगितलं, वाळवण्याच्या युक्तीसकट. ते रागावतील वाटलं होतं. त्यांनी शिफ्ट बदलून घेतली आणि दुसऱ्या दिवशी मला पेणला घेऊन गेले. त्या दिवशी बाकावर मी गालाला हात लावायला विसरले.

डॉक्टरांनी ऐकून घेतलं, मग म्हणाले, “रंग वाळला की मूर्तीवरच राहतो. ही गोळी दुसऱ्या दिवशी रक्तातून बरीचशी निघून जाते. तुम्ही पायऱ्या उतरत नाही आहात, रोज जिना चढताय आणि रोज खाली उडी मारताय.”

मी विचारलं, आजार परत आलाय का? हा प्रश्न तुम्हालाही पडेल, म्हणून त्यांचं उत्तर नीट सांगते. आजार परततो तेव्हा बहुधा हळूहळू येतो, काही आठवड्यांनी, पहिल्यासारखाच चेहरा घेऊन. डोस कमी केल्यावर थोड्याच दिवसांत झटके, चक्कर, मळमळ, विनाकारण रडू आलं, तर ती बहुतेक डिसकंटिन्युएशन सिम्प्टम्स असतात, म्हणजे औषध वेगाने कमी केल्याची शरीराची तक्रार. दोन्हींत फरक करणं आपलं काम नाही, ते डॉक्टरांना करू द्यावं. आपण फक्त खरं सांगावं.

मला एक पायरी वर नेलं. रोज, ठरल्या वेळी, न चुकता. झटके विरले. उंदीर रंगवून रंगवून मी त्यात इतकी तरबेज झाले की सुधीर म्हणाला, पुढच्या वर्षी उंदरांची वेगळी ऑर्डर घेऊ. त्याला ब्रश फेकून मारला. मारला आणि लक्षात आलं, राग आला होता, आणि चांगला आला होता.

पुढचं उतरणं फार सावकाश झालं. गणपतीच्या गर्दीच्या महिन्यांत डॉक्टरांनी डोसला हातच लावला नाही. शेवटची पायरी दिसायला सगळ्यात लहान, पण तिच्यावर मी सगळ्यात जास्त रेंगाळले. गोळीचा तो बारीक तुकडा बघून सासूबाई म्हणायच्या, एवढ्याशाने काय होतं? मी म्हणायची, तुमच्या कोकमासारखं आहे, एवढंसं कमी झालं तरी कळतं. यावरून आमचं कडाक्याचं वाजलं. त्या दिवशी त्या दोन घास जास्त जेवल्या.

बाकावर माझ्या शेजारी कोलाडच्या एक बाई बसायच्या. त्यांना ही गोळी कायमची आहे. कमी करून पाहिली, आजार परतला, पुन्हा सुरू केली. नात सांभाळतात, शेत बघतात. त्यांच्यापेक्षा मी शूर नाही. मला उतरता आलं, त्यांना घेऊन राहता आलं. उद्या मला परत लागली तर मी घेईन, आणि दाताचं नाव सांगणार नाही.

गोळी थांबल्यावरही डॉक्टर मला बोलावत राहिले. असंच एकदा दाखवायला गेले तेव्हा त्यांनी सगळं विचारलं, झोप, भूक, काम. मग म्हणाले, आता काही वाटलं तरच या. मी उठले नाही. म्हटलं, डॉक्टर, तुमची हरकत नसेल तर एक काम राहिलंय. पिशवीतून रंग आणि बारीक ब्रश काढला आणि टेबलावरचा गणपती पुढे ओढला. म्हटलं, पहिल्या दिवसापासून याचे डोळे बघतेय, माझ्याच्याने सहन होत नाही.

डॉक्टर मूर्तीकडे बघतच राहिले. मग खुर्चीत मागे रेलून म्हणाले, “म्हणजे तुम्ही याच्याकडे बघत होतात? मला वाटायचं, ही बाई माझी नजर चुकवते.”

“तीही चुकवत होते,” मी म्हटलं.

बाहेर पेशंट खोळंबले होते, पण त्यांनी घाई केली नाही. मी जुनी बुबुळं पांढऱ्या रंगाने झाकली आणि वाळेपर्यंत थांबले. मग डावा डोळा काढला. डावीकडून उजवीकडे पाहिलं. पुन्हा डावीकडे पाहिलं. डोक्यात काही चमकलं नाही. उजवा काढला, मूर्ती वळवून डॉक्टरांसमोर ठेवली आणि त्यांच्याकडे सरळ बघत विचारलं, बघतोय ना तुमच्याकडे?

“बघतोय,” ते म्हणाले.