बादलीवर बसलेला व्हायोलिनवाला

मुलुंडच्या एका वाचनालयाच्या सभागृहात माझ्या मित्राच्या विनोदी कादंबरीवर कार्यक्रम होता. आम्ही कॉलेजपासूनचे दोस्त. कादंबरीचा नायक कामासाठी वणवण करणारा व्हायोलिनवादक आहे, एवढंच त्याने सांगितलं होतं. "वहिनीलाही आण," म्हणाला. मी स्वतः व्हायोलिन वाजवतो, त्यामुळे जरा अभिमानच वाटला.

मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, "विनोद सुचतो कुठून?"

"शोधावा लागत नाही. दुःखी माणसाच्या शेजारी गप्प बसायचं."

लोक हसले. मग त्याने एक उतारा वाचला. नायक बाथरूममध्ये उलट्या बादलीवर बसून रडतोय. बायकोला ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडलाय आणि पाणी वाया जातंय म्हणून सोसायटीचा सेक्रेटरी दार ठोठावतोय. सगळं सभागृह पोट धरून हसलं.

सेक्रेटरी त्याने रचलेला. बाकीचं माझं होतं. गोरेगावच्या स्टुडिओंतून बोलावणी थांबली त्या वर्षी मी असाच बसायचो. एकदा बायकोने दार ढकललं. तिने नळ बंद केला आणि माझ्याजवळ ओल्या फरशीवर बसली. हे आम्हा दोघांशिवाय कुणालाच माहीत नव्हतं, असं मी समजत होतो.

सभागृहात शेजारी बसलेल्या बायकोकडे मी पाहिलं. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघत होती.

कार्यक्रमानंतर मित्राने खांद्यावर हात टाकला. "मनाला लावून घेऊ नकोस यार. कॅरेक्टर आहे ते."

"रडणं तरी वगळायचंस."

"तेच तर काढता येत नव्हतं रे."

मी त्याचा हात बाजूला केला आणि निघालो.

रिक्षात बायको म्हणाली, "तेव्हा मी घाबरले होते. कुणाला सांगणार? तुझा मित्र ना तो. म्हटलं, तुझ्याशी बोलेल."

"नाही बोलला."

"माहितेय."

ती खरं बोलत होती. तरीही मित्रावर रागावणं मला सोपं गेलं. त्याचा फोन मी आजही उचलत नाही. तिच्यावर कसं रागवायचं, ते कळेना.

आम्ही अजून रोज सकाळी एकत्र चहा घेतो. माझ्या व्हायोलिनच्या शिकवणीतल्या मुलांच्या गमती मी तिला सांगतो. कधी मनातलं काही सांगायला तोंड उघडतो, आणि मग कालची भाजी छान झाली होती, असं म्हणतो.