ऐनावरचा कांडेसर

सिद्धगडाच्या पायथ्याशी आमची भातशेती आहे. हिवाळ्यात बांधावरच्या ऐनाच्या फांद्या तोडून वाळवायच्या आणि पावसाआधी रोपांच्या जागेवर पसरून जाळायच्या, म्हणजे भाताचं रोप जोमानं येतं. याला राब म्हणतात, आणि राबाच्या बाबतीत माझे बाबा कुणाचं ऐकत नाहीत.

मागच्या हिवाळ्यात ते कोयता घेऊन ऐनावर चढायला निघाले आणि मी आडवी आले. शेंड्यावर काटक्यांचं भलंमोठं घरटं होतं, त्यात पिल्लं होती.

"ढोकाचं हाय ते," बाबा म्हणाले. "पावसात आपले खेकडे खातो मेला. सर बाजूला!"

लांब पाय, लांब चोच दिसली की आमच्या गावात तो ढोक, विषय संपला. पण मी हट्टाला पेटले होते. मोबाइलवर फोटो काढून पक्ष्यांच्या पुस्तकाशी ताडून पाहिले होते. अंग काळं, मान कापसासारखी पांढरी, डोक्यावर काळी टोपी, पाय लालसर. कांडेसरच, करकोच्याच्या जातीतला! "ढोक मान आखडून उडतो, बाबा. हा बघा, सरळ ताणून उडतो."

"नाव कळलं म्हनून राब व्हतो का गो?"

"बांधाला भोकं कोण पाडतं? खेकडेच ना? मग त्यांना खाणारा आपला का परका?"

बाबांनी कोयता खाली केला. "पाला कमी पडंल, त्याचं काय?"

"मी आणीन."

बोलून बसले खरी, मग आमच्या वरच्या माळावरून पाल्याचे भारे डोक्यावर वाहिले. मान अशी अवघडली की वळवता येईना. बाबा हसले, "बघ, मान आखडली. आता ढोक तूच झालीस."

पण ऐनाला त्यांनी हात लावला नाही. पिल्लं उडून गेली. रोपही दरवर्षीसारखंच हिरवंगार आलं.

लावणीच्या दिवसांत शेजारचे काका बांधावरून ओरडले, "तुमच्या खाचरात ढोक शिरलाय, हाकला त्याला!"

चिखलात वाकलेले बाबा ताठ उभे राहिले. "ढोक कसला? मान बघ त्याची. कांडेसर हाय तो, खेकडे खायला आलाय. माझ्या लेकीनं वळखलाय."

हातात रोपांची जुडी घेऊन मी मागेच उभी होते. मला आभाळ ठेंगणं झालं.