लेबल भिंतीकडे केलेले क्रेट

आधीच सांगते — भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. खरं तर माणसांवरही फारसा नव्हता. निपाणीहून बेंगळुरूत येऊन बारा वर्षं झाली. हेब्बाळच्या पुढे एका फुलांच्या फार्मवर मी सुपरवायझर आहे. ट्यूलिपचे कंद क्रेटमध्ये लावून काही आठवडे कोल्डरूममध्ये ठेवायचे, त्यांना खोटा हिवाळा दाखवायचा, मग पॉलीहाउसमध्ये आणायचे. थंडी कमी पडली की नुसती पानं... फूल येतच नाही.

यंदा सकाळी कुलूप उघडलं की मागच्या रांगेतला एखादा क्रेट दाराशी आलेला दिसायचा, त्याचं लेबल भिंतीकडे. ओल्या मातीचा क्रेट मला एकटीला हलत नाही. किल्ल्या दोनच, एक माझ्याकडे, दुसरी मल्लक्काकडे. मल्लक्का चिकोडीची, माझ्या हाताखाली कामाला. तिचा नवरा रुद्रप्पा आधी ही खोली सांभाळायचा, दोन वर्षांपूर्वी वारला.

"काय गं, कंद चोरून विकतेस की काय?" मी सरळच विचारलं.

"नाही हो अक्का! मी हातसुद्धा लावला नाही. ही तर ह्यांची पद्धत. मागचा कोपरा स्वल्प गरम असतो म्हणायचे. तिथला क्रेट पुढं आणायचे आणि कुठला हलवलाय ते कळावं म्हणून लेबल भिंतीकडे करायचे."

"मेलेल्या नवऱ्याच्या नावावर बिल फाडतेस होय!" थर्मामीटर अगदी बरोबर आकडा दाखवत होतं... पण ते टांगलेलं दाराशी, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी मालकांकडे गेले. मल्लक्काची नोकरी गेली, फार्ममागची राहायची खोलीही गेली. जाताना तिने किल्ली माझ्या हातात ठेवली. मी कुलूपही बदलून घेतलं. मला वाटलं, सुटले बाई!

दुसऱ्या दिवशी नवं कुलूप उघडलं. दाराशी आणखी एक क्रेट, लेबल भिंतीकडे.

मल्लक्काचं मागच्या कोपऱ्याबद्दलचं बोलणं आठवलं. थर्मामीटर काढून मागच्या कोपऱ्यात ठेवलं, तर आकडा भराभर चढला. मेकॅनिक म्हणाला, "मॅडम, इकडचा पंखा केव्हाचा बंद आहे." पुढे पॉलीहाउसमध्ये मागच्या रांगेला नुसती पानं आली. फुलले ते फक्त पुढे आलेले क्रेट.

मी मल्लक्काच्या बहिणीच्या घरी गेले. "चुकलं माझं, परत चल," म्हटलं. लाजेने मान वर होत नव्हती. मी सगळं सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "अक्का, मी आता तिथं नाही, हे ह्यांना कुणी सांगितलं का?"

दुसऱ्या दिवशी कोल्डरूममध्ये एकटीच उभी राहून मोठ्याने म्हणाले, "रुद्रप्पाअण्णा, मल्लक्काचा काही दोष नव्हता. मी काढलं तिला."

हे कसं झालं, मला आजही सांगता येत नाही. तुम्हाला पटत नसेल तर नका मानू. त्या दिवसापासून एकही क्रेट हललेला नाही. मल्लक्काही आलेली नाही.