टाकीतल्या माशांचा वाटा

बुधाजीने जन्मभर मासे मारले आणि पन्नाशी उलटल्यावर ते जगवायचं काम पत्करलं. कोळीवाड्याला त्यात हसण्यासारखं पुष्कळ सापडलं.

मचव्याचं शीड उतरवताना शिडाची आडवी काठी निसटून त्याच्या गुडघ्यावर आली. हाड जुळलं, पण पाय वाकेनासा झाला. तसा माणूस मचव्यावर अडगळ होतो. मग तो वाळूत एक पाय लांब करून दुसऱ्यांची फाटकी जाळी सांधत बसू लागला. त्याच्या वयाचे लोक समोरून दर्यावर जात आणि परत येत. या बसण्याचा त्याला मनापासून कंटाळा होता.

हमदुल्लाशेट आगबोटीवरची नोकरी संपवून गावी परतले, ते साल छप्पन्न-सत्तावन्न असावं. परमुलखातल्या कुठल्याशा बंदरात त्यांनी काचेच्या टाकीत पोहणारे दर्याचे मासे पाहिले होते. ते वेड डोक्यात घेऊनच ते उतरले. पडवीत सिमेंटची टाकी बांधली आणि समोरच्या बाजूला मुंबईहून आणलेली जाड काच बसवली. आता खारं पाणी आणायला आणि मासे धरायला माणूस हवा होता. जाळी सांधणारा बुधाजी त्यांना आठवला.

बुधाजी कावडीने पाणी आणी, ताठ पाय बाजूने फेकत. ओहोटीला खडकांतल्या डबक्यांतून पट्ट्यापट्ट्यांचे बोटभर मासे धरी. एकदा त्याने दगडासकट तीन समुद्रफुलं आणली. पाण्याबाहेर हे फूल म्हणजे नुसता बुळबुळीत गोळा. पाण्यात मात्र पाकळ्यांसारखे हात पसरून हळूहळू हलत राहतं. खाण्याच्या उपयोगाचं नाही, म्हणून कोळीवाड्यात त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहत नसे. हमदुल्लाशेटांची बायको कुबराभाबी मात्र तांदूळ निवडायला सूप घेऊन टाकीसमोरच बसू लागली.

"काय वो," बुधाजीची बायको राही म्हणायची, "मासं कदी मोठं व्हनार? आमाला कालवन कदी?"

"त्ये खायाचं न्हाईत."

"मंग काय, त्यांची लगनं लावायचीत?"

शिमगा झाला आणि ऊन तापलं. काचेवर आधी हिरवी धूळ बसल्यासारखी दिसली. मग दगडांवर तंतू फुटले आणि बघता बघता ओल्या केसांसारखे लांब झाले. पाण्याला हिरवट झाक आली. शेवाळ समुद्रफुलांवर चढलं आणि ती मिटली ती उघडेचनात.

बुधाजीने नारळाच्या सोडणाने काच घासली, दगड घासले. शेवाळ निघालं आणि आठवडाभरात परत आलं. मग त्याने धक्क्याजवळचं पाणी सोडलं. पलीकडच्या खडकांपाशी जाऊन भरतीचं स्वच्छ पाणी आणू लागला. पडवीत दुपारी ऊन येतं म्हणून टाकीवर जुन्या शिडाचा तुकडा बांधला. शेवाळ थोडं थांबल्यासारखं झालं, मग पुन्हा माजलं.

हमदुल्लाशेटांचा धीर सुटला. "बुधाजी, ही टाकी की म्हशीचं डबकं? ईदेला मुलगी येतेय, जावई येतोय. तोवर साफ झाली तर ठीक. नाहीतर फोडून मोरी करतो तिथं. निदान पाय तरी धुता येतील!"

बुधाजी संध्याकाळी घरी जाताना किनाऱ्यावर सांधायच्या जाळ्यांचा ढीग पडला होता, त्याला वळसा घालून गेला.

त्याच्याकडून काय चुकत होतं, ते त्याला दिसण्यासारखं नव्हतं, कारण ती त्याच्या लेखी चूक नव्हतीच. मचवा धक्क्याला लागला की मासळीचे वाटे पडतात. गेलेल्या प्रत्येक माणसाचा वाटा असतो. एखादा तापाने फणफणून तळाशी पडून राहिलेला असला, तरी त्याचाही असतो. टाकीतल्या माशांना बुधाजी त्याच हिशेबात धरी. सकाळी आल्याबरोबर ओंजळभर जवळा पाण्यात सोडी. भूक आहे की नाही, हा प्रश्न नव्हता. वाट्याला भूक विचारत नाहीत.

एके दिवशी कुबराभाबी पदर नाकाला लावून पडवीत आली. "बुधाजीभाव, माझ्या घरात काहीतरी कुजतंय." तिने करवंटीचा डाव टाकीत बुडवला, दगडांच्या सांदीत फिरवला आणि वर काढला. डावात काळा चिखल होता. त्यात जवळ्याचे डोळे ओळखू येत होते.

"हे काय?"

"जवला हाय, भाबी."

"कुणी खाल्ला नाही तो?"

"आज न्हाय खाल्ला तं उद्या खातील."

"आणि उद्या तू वरून आणखी घालणार! या अल्ला! परसात खरकटं पाणी जातं तिथं अळू बघितलंस ना, केवढं माजलंय? तू माशांना कुठं जेवू घालतोस? या शेवाळाला घालतोस."

"त्यांचा वाटा हाय त्यो. वाटा कसा बंद करू?"

"का? जाळं ओढायला आले होते तुझ्याबरोबर?"

बुधाजी कावड तिथेच टेकवून निघून गेला.

पाय मोडला तेव्हा मचव्याच्या तांडेलाने त्याचा वाटा नारळी पुनवेपर्यंत घरी पोचता केला होता. पुनवेनंतर तो आला नाही. तांडेलाचं चुकलं असं बुधाजी कधी म्हणाला नाही. मचवा काही धर्मशाळा नाही. पण तेव्हा राही टोपली घेऊन धक्क्यावर उभी राहिली होती आणि रिकामी परत आली होती. तसं आपण कुणाला रिकामं पाठवावं, हे त्याला जमण्यातलं नव्हतं.

तरी दुसऱ्या दिवशी तो आला, ते जवळा न घेता. टाकीच फुटली, तर वाटा घ्यायला मासे उरणार नव्हते. भाबीचा डाव मागून घेतला, दगड एकेक करून उचलले आणि तळाचा चिखल बादलीत काढला. मासे सवयीने काचेपाशी जमले. त्याची सावली सरकली की तेही सरकत. तो त्यांच्याकडे पाठ करून काम करू लागला.

"मरतील का रे?" भाबीनेच विचारलं. आता तिलाच धाकधूक.

"बगू."

खडकावरून त्याने बारीक गोगलगायी आणून काचेवर सोडल्या. त्या शेवाळ खरवडत फिरू लागल्या. उपाशी मासेही अधूनमधून तंतूंना तोंड लावू लागले. हिरवा रंग फिका पडला. मग शेवाळ हात लावताच पुंजक्यांनी सुटून येऊ लागलं. दोन मासे मेले. ते त्याने परसात पुरले. राहीला सांगितलं नाही.

ईद आली तेव्हा मागच्या भिंतीवर हिरवं होतंच. पण काच स्वच्छ होती. तीनपैकी एक समुद्रफूल शेवाळाखाली सडून गेलं होतं. उरलेल्या दोन्हींनी हात पसरले होते. जावयाने कोट सांभाळत उकिडवं बसून बराच वेळ पाहिलं आणि शिरखुर्मा निवू दिला. मोरीचा विषय कुणी काढला नाही.

ईदेच्या दुसऱ्या दिवशी बुधाजी कावड घेऊन आला, तेव्हा हमदुल्लाशेट पडवीतच बसले होते.

"बुधाजी, एक कोपरा रिकामा वाटतोय. पुनवेच्या ओहोटीला खडकात जाशील तर एखादं फूल आण. आणि एक रंगीत खेकडा बघ."

"आनीन की." बुधाजीने कावड खाली ठेवली. "पन शेट, खायला घालायचं त्ये माज्या इचारानं. तुमी न्हाय, भाबी न्हाय."

"अरे, टाकी माझी!"

"टाकी तुमचीच," बुधाजी म्हणाला, आणि पाणी ओतायला वाकला.