कात्रजच्या झडपेला फुटलेला घाम

आम्हा नागपूरकर मंडळींना पुण्यात उतरल्यावर पहिल्यांदा जाणवतं ते हे, की आपल्याला इथे कुणी बोलावलेलं नव्हतं. नारायण पेठेतल्या लॉजच्या मालकांना विचारलं, "गरम पाणी मिळेल का?"

"मिळेल की. मे महिन्यात नळालाच येतं."

डिसेंबर चालू होता.

मी गुजरातेतल्या एका वायुविहिरीवर इंजिनियर. तिच्या तोंडावर बसवायचा चोक (आतला वायू बेताबेतानं सोडणारी झडप) कात्रजच्या एका कारखान्यात तयार होता. तो तपासून न्यायचा होता. तोवर विहीर बंद आणि आमचे साहेब तापलेले.

रिक्षावाल्यानं कात्रजला कोथरूडवरून नेलं. "जवळचा रस्ता आहे," म्हणाला. कुणाला जवळचा, ते बोलला नाही.

कारखान्याच्या मालकीणबाई लेले, साठीच्या. "आमचे दोन्ही इंजिनियर कंप्युटरात गेले. आता मीच आहे. चालेल ना आपल्याला?"

झडपेत पाणी भरून दाब चढवला. आम्ही जाड पत्र्याआड उभे. दाबमापकाचा काटा वर गेला, थांबला आणि हळूच घसरू लागला. झाकणाच्या सांध्यावर थेंब चमकला.

"घाम आहे तो," बाई म्हणाल्या.

"पुण्याच्या झडपेला एवढ्या कष्टाची सवय नसेल," मी म्हणालो.

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. "सही कर आणि घेऊन ये! थेंबानं काय होतंय?"

"साहेब, इथे पाणी आहे. तिथे वायू असेल आणि शेजारी आपली माणसं. मी सही करणार नाही."

त्यांनी फोन आपटला. नोकरी गेली, असंच मी धरून चाललो.

बाईंनी सगळं ऐकलं होतं. पदर खोचून त्यांनी कामगारांना झाकण उघडायला लावलं. आत, सांधा बसतो तिथे, केसाएवढा ओरखडा!

"माझ्या नजरेतून सुटला," त्या म्हणाल्या. "तुमच्या जिभेच्या तावडीतून मात्र काही सुटत नाही."

दुरुस्ती होईपर्यंत मुक्काम वाढला. दुपारी बाईंनी आपल्या डब्यातली आमटी वाढली. गुळाची.

"ही आमटी की खीर?"

"जेवा. तिखट बोलणाऱ्यांना आम्ही गोडच वाढतो."

दुसऱ्या चाचणीत काटा जागचा हलला नाही. बाई बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "न्या आता."

नोकरी टिकली. साहेब महिनाभर बोलले नाहीत, हा वरचा फायदा. लेलेबाईंनी निघताना "पुन्हा या" म्हटलं नाही. पण परवा आमचा फोरमन चालू विहिरीवर, त्या झडपेशेजारी, चक्क घोरत होता. मी त्याला शिव्या घालून उठवलं. मनातून मात्र फार बरं वाटलं.